फलकाची दुसरी काठी

कापड इतकं लांब होतं, की ती मुलगी दुकानात शिरली तरी त्याचं दुसरं टोक अजून फुटपाथवरच होतं.

"हे काय, रस्त्याला अंगरखा शिवायचाय?" मशीनवरून मान न उचलता चिमणीने विचारलं.

"मोर्चाचा फलक आहे. दोन्ही टोकांना नेफा हवाय, काठी जाईल असा." मुलगी उंच होती, आणि धापा टाकत होती. "रविवारी आम्ही कॉलेजची मुलं काढतोय."

चिमणी सकाळी आत्याच्या या दुकानात शिवण करी आणि दुपारी कॉलेजला जाई. आईबाप गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. तिने कापड ओढून घेतलं. सुईशेजारून एकेक अक्षर सरकू लागलं... बाईला बाईशी, पुरुषाला पुरुषाशी, लग्नाचा हक्क सगळ्यांना. शेवटच्या अक्षरापाशी तिचा हात जरा थांबला.

"नाही शिवायचं का?"

"शिवते की. दोरा कुठला, पांढरा की तांबडा?"

"तुम्हाला आवडेल तो."

"वा, लग्न तुमचं आणि आवड माझी?"

"माझं कुठे ठरलंय अजून," ती मुलगी म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

दोन दिवसांनी ती पुन्हा हजर. कायदा शिकत होती, म्हणून चिमणीने तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. एक नेफा उसवला होता. चिमणीने दोरा बोटावर घेतला. ताणाने तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. हे स्वच्छ कापलेलं होतं.

"वकीलबाई, हा आपोआप उसवला?"

"हो... म्हणजे, वारा फार होता."

"वाऱ्याच्या हातात ब्लेड होतं वाटतं."

वकीलबाई छताकडे बघत राहिली. "दुसराही उद्या उसवणार आहे," शेवटी ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

चिमणीला हसू आवरेना.

"रविवारी दुसरी काठी तू धरशील?"

हसू विरलं. मोर्चा या दुकानावरूनच जाणार होता. आत्या वाईट नव्हती, पण 'लोक काय म्हणतील' हे तिच्या प्रत्येक वाक्याला आतून अस्तरासारखं लावलेलं असे. आणि आत्या तुटली, तर चिमणीला दुसरं होतं कोण?

वकीलबाईला ते कळलं असावं. "दुकान आलं की मी माझी काठी वळवीन," ती हळूच म्हणाली. "तू कापडाआड जाशील. कुणाला दिसणार नाहीस."

रविवारी चिमणी आली. दोघींच्या मधे ते लांबलचक कापड... बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून दोघी नुसत्याच एकमेकींकडे बघत चालल्या.

दुकान दिसलं. आत्या पायरीवर उभी होती. कबूल केल्याप्रमाणे वकीलबाईने काठी वळवली, आणि कापड चिमणीच्या तोंडासमोर आलं. त्याआड गार सावली होती. बरं वाटत होतं — क्षणभरच. मग चिमणीने आपली काठी ओढली आणि कापड सरळ केलं.

आत्या पायरी उतरून जवळ आली.

"हे काय गं?"

"मोर्चा."

"ते दिसतंय मला. आणि ती पलीकडची कोण? सारखी दुकानात येते ती?"

मैत्रीण — शब्द ओठांवर तयार होता, सोपा, कुणालाही चालणारा.

"माझी आहे ती, आत्या," चिमणी म्हणाली. तिचा आवाज तिच्या मानाने बराच मोठा निघाला. "म्हणजे... ती हो म्हणाली तर."

आत्याने हात पुढे करून चिमणीची दुमडलेली कॉलर सारखी केली.

"संध्याकाळी बोलू," ती म्हणाली. "तिलाही आण." आणि मागे न बघता पायरी चढून गेली.

मोर्चा पुढे सरकला. फलक मधोमध लोंबू लागला, अक्षरं एकमेकांवर कलू लागली. चिमणीने वळून पाहिलं. वकीलबाई काठीसकट तिच्याकडे सरकत होती.

"अगं, झोळ पडतोय."

"पडू दे," वकीलबाई म्हणाली. आता ती इतकी जवळ होती, की ओरडावं लागत नव्हतं. "मी हो म्हणायला आलेय."