एकतीस नंबरचा शिक्का

सगळं सुरू झालं ते जांभळ्या शाईच्या एका बाटलीपासून. मिन्स्कमध्ये डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. त्या अंधारात, बर्फाचा चिखल तुडवत, रिहोर शाई आणायला गेला होता. शाई मिळाली, आणि "अजून जिवंत आहेत वाटतं ही वापरणारी माणसं!" हा दुकानवालीचा टोमणा वर फुकट.

रिहोर पन्नाशीचा, गोल पोटाचा आणि लांब जिभेचा माणूस. सोव्हिएत काळातलं आकड्यांचं मनगटी घड्याळ त्याने पुन्हा जिवंत करायला घेतलं होतं. तेच स्टीलचं चौकोनी डबडं, तोच करडा पडदा, दर तासाला तीच किरटी 'टीं'. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गोदामातून जुन्या सर्किटांच्या पेट्या त्याने उचलल्या होत्या आणि त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या घेतल्या होत्या. चांगली नोकरी सोडून! पहिली तीनशे घड्याळं नव्या वर्षाआधी बर्लिनपासून टोकियोपर्यंतच्या हौशी लोकांकडे पोचायची होती. ती बिघडून परत आली, तर रिहोरने कुठे जायचं ते बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं. सासूच्या गावी, बटाटे लावायला.

शिक्का त्या गोदामातल्याच एका टेबलाच्या खणात मिळाला. पितळी, बोटाएवढा, त्यावर आकडा ३१. पूर्वी प्रत्येक घड्याळाबरोबर एक पुस्तिका यायची आणि तिच्यावर तपासणाऱ्या बाईचा शिक्का असायचा. रिहोरने हुबेहूब तशी पुस्तिका छापून घेतली. शाई आणली त्याच संध्याकाळी तीनशे शिक्के धडाधड मारून मोकळा झाला. घड्याळं तपासली का? बॅटरी घातली, आकडे उमटले, झालं. तीन-तीन दिवस चालवून बघायला वेळ कुणाला होता?

सकाळी त्याने कुलूप उघडलं. घड्याळं टेबलांवर ओळीने, तोंड वर करून, ठेवली तशीच होती. सात सोडून. ती सात पालथी होती.

तेवढ्यात मागून झोस्यामावशी धापा टाकत आल्या. सत्तरीच्या बाई, याच कारखान्यात तीस वर्षं सर्किटांच्या तारांना डाख देण्यात गेलेली, आता रिहोरकडे तेच काम. कंबर धरली म्हणून दोन दिवस घरी होत्या.

"मावशी, ही गंमत तुमची का?"

"अरे, मी आत्ता येतेय. अजून कोटाचं बटण नाही काढलं." मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि बटणावरचा हात तिथेच राहिला. "पालथं म्हणजे नापास. आमच्याकडे तपासणाऱ्या बायका असंच ठेवायच्या..."

मग त्यांना शिक्का दिसला.

"हा कुठून आणलास?"

"खणातून. झकास आहे ना?"

"बाईने काम सोडलं की तिचा शिक्का सगळ्यांसमोर कानशीने घासून टाकायचा, अशी रीत होती इथे. दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायचा नाही. हा स्तेफाबाईंचा. त्या खिडकीपाशी, खुर्चीत बसल्या-बसल्या गेल्या. हातात घड्याळ होतं. शिक्का तेव्हा कुणाला सापडलाच नाही."

"मग आता सापडला! खूश होतील बाई."

"न तपासता तिच्या नावाने तीनशे ठोकलेस, मेल्या, आणि वर म्हणतोस खूश होतील!"

रिहोर हसला, पण सातही घड्याळं तपासायला लावली. त्यातली पाच एका तासातच बिघडली. कुणाचा आकडा अर्धा, कुणाची 'टीं' मुकी. उरलेली दोन मात्र सेकंदाला सेकंद चालत होती.

"बघा. तुमच्या स्तेफाबाईंचंही चुकतं."

"थांब की जरा," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला, बाहेर अंधार उतरत असताना त्या दोन पडद्यांवरचे आकडे हळूहळू पुसट होत गेले, काचेवरची वाफ विरावी तसे. खोलीत डाखाच्या राळेचा वास नेहमीचा. पण खिडकीकडून दुसराच एक वास आला. कडसर, औषधी.

"मावशी... तुम्ही हृदयाच्या औषधाचे थेंब घेतलेत का?"

"मी? माझं हृदय घोड्याचं आहे." मग त्यांचा आवाज खाली गेला. "ते ती घ्यायची..."

त्या दिवसापासून रिहोरची जीभ जरा आखूड झाली. तीनशेच्या तीनशे घड्याळं त्याने पुन्हा उघडली आणि तीन-तीन दिवस चालवली. रोज सकाळी काही पालथी असायची, ती तो मुकाट्याने बदलायचा. तपासून काहीच सापडलं नाही तरीही बदलायचा. जाताना खिडकीकडे बघून "येतो, बाई," म्हणायची सवयही लागली. आणि एका सकाळी सगळी तीनशे तोंड वर करून होती.

पार्सलं वेळेवर गेली. एकही परत आलं नाही. उलट टोकियोहून एकाने लिहिलं की इतकं नेटकं घड्याळ त्याने पाहिलं नाही. बटाट्यांचा विषय घरातून निघून गेला.

मावशींनी शिक्का कानशीने घासला, पार सपाट. दोघांनी व्होडकाचा एकेक पेला घेतला, पेल्याला पेला न लावता, कारण तो गेलेल्या माणसासाठी होता. तिसरा पेला काळ्या पावाचा तुकडा वर ठेवून खिडकीत ठेवला.

"संपलं एकदाचं," रिहोर म्हणाला. मावशींनी खिडकीतल्या पेल्याकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी टेबलं रिकामी होती. म्हणजे जवळजवळ रिकामी. फोटोचं ओळखपत्र रिहोर रोज दाराजवळच्या खिळ्याला टांगून जायचा, पहारेकऱ्याला ओळखायला त्याचं पोटच पुरायचं. ओळखपत्र आज मधल्या टेबलावर होतं. खिळा जागेवर घट्ट होता. आणि ते पालथं होतं, फोटो खाली.

रिहोरने ते सरळ केलं. आणि कुणाला काही न सांगता तडक दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, कागदाची लांब पट्टी काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. "एकदम ठणठणीत. पोट कमी करा, बाकी काही नाही."

ही झाली मंगळवारची गोष्ट. आज गुरुवार, तिसरा दिवस. रिहोर खिडकीपाशी बसलाय, मनगटावर स्वतःचं पहिलं घड्याळ, मनगट मांडीवर. झोस्यामावशी डाख देतायत, पण दर मिनिटाला मान वर करून बघतायत. बाहेर अंधार उतरायला लागलाय.

"किती वाजले रे?" त्यांनी हळूच विचारलं.

रिहोरने मनगट वर केलं. डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"नीट दिसत नाहीये..."