पावसात शहाणे होणारे अणू

“खोटं बोलतात संचालक,” टिल्डा म्हणाली. “चिप आईनं बिघडवलेली नाही.”

व्हिएन्नात ईस्टरची सुट्टी लागली होती, आणि ही तिघं टिल्डाच्या आईच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसली होती. टिल्डा, तिचा मामेभाऊ सेव्हरिन आणि त्याची धाकटी बहीण पोल्डी. आईनं बनवलेल्या नखाएवढ्या चिपवर केसासारख्या बारीक सोन्याच्या तारा होत्या. त्यांत वीज सोडली की चुंबकी बळावर थंडगार अणूंचा ढग निर्वात पेटीत तरंगायचा, तारेवरून अलगद पुढे सरकायचा. हल्ली तो वाटेतच सांडत होता. संचालकांनी आज सगळ्यांदेखत चिपला सदोष ठरवलं. सुट्टी संपली की आईची नोकरीही संपणार.

“पण कालच्या पावसात ढग कसा गुणी बाळासारखा वागला,” सेव्हरिन म्हणाला.

“अणूंना छत्री द्या मग,” पोल्डी म्हणाली.

“गप गं. मागच्या पावसातही असंच झालं होतं.” टिल्डा थांबली. “पावसात इथे काय नसतं?”

तिघांची नजर एकाच जागी गेली. प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून संचालकांची दणकट विजेची सायकल उभी होती. पावसात ते ट्रामनं येत. शेजारच्या दारावर त्यांच्याच सहीची पाटी होती: ‘लोखंड व चुंबक आणू नये.’

“सांगाडा लोखंडी, मोटारीत चुंबक,” सेव्हरिन पुटपुटला. “पाटी काय फक्त दुसऱ्यांसाठी?”

दोघा भावंडांनी सायकल अंगणात ढकलली. टिल्डा आत आईजवळ धावली. पडद्यावरचा लाल ठिपका, म्हणजे अणूंचा ढग, तारेच्या टोकापर्यंत गेला. सायकल परत भिंतीशी आणली, तसा तो अर्ध्या वाटेत विझला.

गलका ऐकून संचालक आले, हातात केकची बशी. टिल्डाच्या बाप्तिस्म्यापासून ते तिचे धर्मपिता. तिला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

“शाबास रे पोरांनो,” सगळं ऐकून ते म्हणाले. “माझ्या तर ध्यानातच आलं नाही. घ्या, केक घ्या.”

पोल्डीनं हात पुढे केला. टिल्डानं तो खाली ओढला.

“काका, मंगळवारी बडे पाहुणे प्रयोग बघायला आले होते. लख्ख ऊन होतं. तरी सायकल तुम्ही स्वतः अंगणात नेऊन लावलीत. मी खिडकीतून हात हलवला, तुम्हीही हलवलात.”

बशीतला काटा खणकन खाली पडला. कुणी उचलला नाही.

“त्या दिवशी ढग सांडला नाही. टाळ्या तुम्हाला मिळाल्या. तुम्हाला ठाऊक होतं, काका. मग आज आईचं नाव का घेतलंत?”

टिल्डा दारात आडवी उभी राहिली.

“केक नको. उत्तर द्या.”