चारशे छत्तीस

जवळ सरका. आणि तो मोबाईल ठेव बघू खाली. मध्येच खी-खी केलीत तर उठून जाईन, आधीच सांगतो.

माझा एक मित्र, व्हायोलिन दुरुस्त करणारा. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पुतणी आपलं व्हायोलिन त्याच्याकडे ठेवून गेली. सकाळी नऊला संगीत शाळेच्या हॉलमध्ये तिची प्रवेश परीक्षा, आणि वयाच्या अटीमुळे ही एकच संधी. काम एवढंसं. नव्या तारा चढवायच्या, सुरात लावायच्या.

त्याच्याकडे ट्यूनर होता, चिमट्यासारखा वाद्याला अडकवायचा. तार छेडली आणि काटा मध्यावर आला, की हिरवा दिवा. फक्त मूळ सुराचा आकडा आधी धरून द्यायचा, बहुतेक सगळीकडे चारशे चाळीस. या ट्यूनरवरूनच त्याचं मोठ्या भावाशी वाजलं होतं. दादा सगळं कानाने लावायचा, संगीत शाळेचा पियानोसुद्धा. हा एकदा बोलून गेला, "दादा, तुझे कान म्हातारे झालेत." दादा दुकानातून उठला तो पुन्हा आलाच नाही. दीड वर्ष अबोला. त्या शुक्रवारी दादाला जाऊन महिना झाला होता. तो असता तर लेकीचं व्हायोलिन त्यानेच लावलं असतं.

पावणेअकराला हा बसला. पहिली तार लागली. दुसरी छेडतो, तर काटा भलतीकडे. बघतो तर आकडा चारशे छत्तीस! "च्यायला!" चाळीस केला. पुन्हा छत्तीस. बॅटरी बदलली. आतल्या पत्र्या खोडरबराने घासल्या, बटणांतली धूळ फुंकली. चाळीस... छत्तीस. साडेबारा वाजले. वैताग रे, नुसता वैताग! "सकाळी पोर दारात उभी राहील, आणि हा डबा माझी चेष्टा करतोय!" दाणकन आपटला टेबलावर. बॅटरी काढून काड्यापेटीत टाकली.

कानाने लावायला गेला. जमेना. डोळ्यांत पाणी आलं.

मागे कुणीतरी खाकरलं.

त्याने मान वळवली नाही. ओळखीचं खाकरणं होतं ते...

टेबलावर ट्यूनर. आत बॅटरी नाही. पडद्यावर उजेड. चारशे छत्तीस.

"दादा...?"

...

मुकाट्याने चारही तारा त्याने छत्तीसवर लावल्या.

सकाळी पुतणी व्हायोलिन घेऊन गेली. याला सांगायचं धैर्य झालं नाही. साडेदहाला तिचा फोन. "काका, निवड झाली! पण तुला कसं कळलं? मला तिथे गेल्यावर कळलं, तिथला पियानो जुना आहे. त्याच्या तारा तुटू नयेत म्हणून बाबांनी तो मुद्दाम खाली, चारशे छत्तीसवर लावून ठेवला होता. बाकीच्यांना ऐनवेळी तारा उतरवताना घाम फुटला. माझं पहिल्या सुरापासून जुळलं. बाबांनी सांगितलं होतं ना तुला?"

"हो," म्हणाला. आणि फोन ठेवून ढसाढसा रडला.

तो ट्यूनर त्याने मला दिला. त्या कपाटात आहे. ए, बस खाली, आत्ता नाही उघडायचं! बॅटरी अजून काड्यापेटीतच आहे, मी स्वतः बघतो रोज.

आकडा मात्र गेलेला नाही.