‘पोलर लिलियन’चा राखणदार

धाकू परब बेपत्ता होऊन नऊ दिवस झाले, तेव्हा त्याची बायको रुक्मिणी हळर्णहून बस बदलत बदलत वास्कोच्या पोलीस ठाण्यात पोचली. वाट बघायची की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

उपनिरीक्षक अश्विनीने तिची तक्रार लिहून घेतली. धाकू बंदराबाहेर नांगरलेल्या ‘पोलर लिलियन’चा राखणदार. श्रीमंतांना दक्षिण ध्रुवाचं बर्फ दाखवणारं हे जहाज. मालकाचं दिवाळं निघालं आणि गेली चार वर्षं ते इथे सडत होतं. बर्फाला पुरून उरलेल्या पोलादाचे आता पोपडे सुटत होते. दुसरा राखणदार धाकूचा चुलतभाऊ गौरेश. तो सांगत होता, गणेश चवथीच्या चार दिवस आधी जहाजाचे तपासनीस येऊन गेले, त्याच सकाळी धाकू भांडून होडीने निघून गेला. होडी कोणाची, ते मात्र त्याला आठवत नव्हतं.

"गौरेश चवथीला घरी आला होता?" अश्विनीने रुक्मिणीला विचारलं.

"इलेले. पण देवाकडे येवक नाय. दर वर्षी पूजा तेच करतत. ह्या फावटी भायर खळ्यातच बसान रवले. म्हणाले, अंगात कणकण आसा."

अश्विनीही इथलीच, साखळी गावची. कणकण असली म्हणून कोणी गणपतीला पाठ दाखवत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने लाँच मागवली.

जहाजावर सगळे नट गंजलेले होते. एका टाकीच्या झाकणाचे मात्र ताज्या ग्रीसने चकाकत होते.

"ही कशाला उघडली होती?"

गौरेश शेजारच्या नटाचा गंज नखाने खरवडू लागला.

"मग मी सांगते. टाकीतले पितळी व्हॉल्व्ह तुम्ही चोरून काढत होता. धाकू आत असताना तपासनीस आले. चोरी लपवायला तू झाकण लावलंस. गंजलेल्या बंद टाकीत हवा किती पुरणार? ते गेल्यावर उघडून पाहिलंस आणि पुन्हा बंद केलंस. सुतक मात्र पाळलंस. सुतक कळल्यावर लागतं, गौरेश. घरात ते तुला एकट्यालाच लागलं होतं."

गौरेशने खिशातला पाना काढून झाकणावर ठेवला.

"तो आतून ठोकी होतो. सायबांनी इचारल्यानी, आवाज कसलो. मी सांगलंय, जुना जहाज, वाजतलाच. मगे तेंका कपभर च्या करून दिलंय."

झाकण उघडलं. धाकू शिडीच्या पायथ्याशी होता, हातात हातोडी.

धक्क्यावर रुक्मिणी उभी होती. अश्विनीने तिला सांगितलं, आता वाट बघू नका.

"तरास झालो तेका?"

"नाही," अश्विनी म्हणाली. "लगेच गेले."