खंडेनवमीची कडी

इचलकरंजीत आता सोयरीक जुळवताना नळाला पाणी किती वेळ येतं हे माणसं नंतर विचारतात. आधी विचारतात, पेटी कुठं बसवलीय. पेटी म्हणजे घरचा संगणक. पूर्वी त्यात फोटो नि बिलं असायची, आता माणसं असतात. उतारवयात मेंदू झिजायला लागला की कानामागं ज्वारीच्या दाण्याएवढा मणी बसवतात. दिवसभरात डोक्यात काय मुरलं ते हा मणी टिपतो आणि पहाटे पेटीत उतरवतो. उद्या डोकं रिकामं झालं तर पेटीतून परत भरायचं. ह्या परत भरण्याला डॉक्टर लोक पुनर्भरण म्हणतात.

कलाक्का चौगुलेला हे सगळं मान्य होतं, एक सोडून. पेटी बसवायला आलेल्या माणसांनी सांगितलं होतं, एक प्रत घरात ठेवा आणि एक परगावच्या कोठारात. घराला काही झालं तर बाहेरची कामाला येते. कलाक्कानं पदर खोचून विचारलं, "आमच्या घरातली भांडणं परगावात नेऊन वाळत घालायची व्हय?"  बाहेरची प्रत ठेवायची राहिली ती राहिलीच.

तिचा नवरा आण्णासो हा जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. श्रावणात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, पण डोकं घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं झालं. सकाळी उठला की बायकोपुढं हात जोडायचा. "बाई, मला माझ्या घरी सोडा. आमची माणसं वाट बघत असतील." सारी गल्ली जिला बिचकून असायची, त्या बाईला नवऱ्यानं बिचकावं, हे तिला सोसेना.

एकच गोष्ट त्याच्या हाताला उरली होती. जेवायला बसला की तो भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवायचा. कुणासाठी, ते त्याला सांगता यायचं नाही. कलाक्का त्या अर्ध्या भाकरीवर वाडगा पालथा घालायची आणि तोंड फिरवायची.

ती अर्धी भाकरी वैजूची. वैजयंता, एकुलती एक लेक. ज्या स्वयंचलित गिरणीनं गल्लीतले माग भंगारात घातले, तिथंच ती नोकरीला लागली. आण्णासोनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं. बायकोनं उपास केले, शिव्या घातल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग एका दिवाळीच्या पाडव्याला पोरगी आपण होऊन आली आणि न बोलता बापाच्या ताटासमोर बसली.  बापानं भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं सरकवली. तेव्हापासून दर रविवारी ती यायची, बापाच्याच ताटातली अर्धी खायची. पुढं तिला आजारानं गाठलं आणि ती गेली. बापानं भाकरी मोडायचं मात्र सोडलं नाही.

पुनर्भरणासाठी डॉक्टर नाझनीन मुजावर घरी आली. पेटी उघडून ती इतका वेळ बघत बसली, की कलाक्कानं दिलेला चहा गार झाला.

"बाई, तोंडातनं काय काढशील का न्हाई?"

"सांगते, आजी. पेटीत पहिल्या दिवशी अख्ख्या माणसाची प्रत घेतात. ती मूळ प्रत. रोज अख्खा माणूस उतरवायचा तर पेटी पुरणार नाही, म्हणून पुढं रोज नुसता फरक उतरवतात. कालच्यापेक्षा आज नवं काय, तेवढंच. अशी कडीला कडी लागत जाते. परत भरताना मूळ प्रतीला एकेक कडी जोडत आजपर्यंत यायचं असतं."

"मग ये की."

"मधली एक कडी अर्धवट लिहिली गेलीय. पुढच्या सगळ्या तिलाच टांगलेल्या आहेत. त्या दिसतात, पण उघडत नाहीत."

डॉक्टरनं काही वर्षांमागची तारीख सांगितली. चौथीत शाळा सोडलेल्या कलाक्काला तारखा कळत नव्हत्या. तिनं तिथी विचारली. आश्विन शुद्ध नवमी.

"म्हंजे खंडेनवमी," कलाक्का म्हणाली. खंडेनवमीला हत्याराला विसावा असतो. माग थांबतात, पान्हे, कात्र्या, विळी धुऊन देवापुढं मांडतात. दरवर्षी ती पेटीही दुपारी बंद करून पूजेला बसवायची. त्या वर्षी मात्र घाई होती म्हणून पहाटेच तिनं बटण बंद केलं होतं, पेटी पुसून हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. आत लिहिणं चाललंय हे तिला कुणी सांगितलं होतं? संध्याकाळी चालू केल्यावर हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला.

"आमच्याही घरी माग होते," नाझनीन हळूच म्हणाली. "आम्हीही त्या दिवशी बंदच ठेवायचो. चूक बसवणाऱ्यांचीही आहे. प्रत घेतली म्हणजे झालं असं नसतं, ती उघडते का हे अधूनमधून बघावं लागतं."

वैजू आली तो पाडवा त्याच खंडेनवमीनंतरचा. कलाक्कानं नाझनीनला लेकीची नि अर्ध्या भाकरीची सगळी गोष्ट सांगितली.

"म्हंजे माणूस मिळंल, पण लेकीवर रुसलेला."

"हो. ती गेलेली त्यांना ठाऊक नसेल."

"मी सांगीन."

"सांगा. सांगितलेलं कळतं, आजी. आठवत नाही."

कलाक्कानं निवडून भरता येईल का विचारलं; नुसतं घर आणि बायकोचं नाव भर, बाकी जाऊ दे. नाझनीननं नकारार्थी मान हलवली. फोटो निवडून काढता येतात, पण आठवणी विणलेल्या असतात. एक धागा ओढला की सगळं कापड गोळा होतं.

"आणि अर्धी भाकरी?"

"ती पेटीतून येणार नाही. ती फक्त त्यांच्या हातात उरलीय. पुनर्भरणात जुना माणूस वरून बसतो, खालचं पुसतो." मग ती म्हणाली, "दसऱ्याच्या आत ठरवा. नंतर मेंदू भरून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णासो दाराची कडी काढायला धडपडत होता. कलाक्कानं दंडाला धरलं तसा तो लहान मुलासारखा रडायला लागला, मारू नका म्हणाला. तिनं जन्मात त्याच्यावर हात उचलला नव्हता. तिनं नाझनीनला निरोप धाडला, भर म्हणून.

पुनर्भरणानंतर शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला शब्द आला, "कले, चष्मा कुठाय?" कलाक्का स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली, आणि बाहेर येऊन चष्मा सांभाळता येत नाही म्हणून त्याच्यावरच डाफरली.

तो जरा सावरल्यावर तिनं सगळं सांगितलं. पाडवा, रविवार, आजारपण. आण्णासो भिंतीला टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे न भेटताच गेली."

"भेटली हो. तुमीच भाकरी मोडून दिलीसा."

"मी न्हाई दिली." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "माझं मन राखाया सांगतीस, कळतंय मला."

दोन दिवस त्यानं अन्नाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पानावर बसला. कलाक्कानं भाकरी वाढली आणि सवयीनं वाडगा हातात घेऊन समोर बसली. तो खाली मान घालून एकेक तुकडा मोडत राहिला, आणि शेवटी ताट बोटानं पुसून उठला. ताटात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. यंदा कलाक्कानं पेटी बंद केली नाही. चालू पेटीलाच तिनं हळदकुंकू लावलं. आदल्या दिवशीच्या अख्ख्या भाकरीची कडी पहाटेच आत नीट उतरली होती.