अकरा नंबरची ओव्हर

दुपारी दोनले ड्युटी बदलली की सिस्टर लोक एकमेकींले ओव्हर देतात. म्हंजे खाटंखाटंनं फिराचं, कोनाचं काय चालू हाये ते सांगाचं, अन् पेशंट पुढच्या सिस्टरच्या हवाली करून घरी जाचं. अकोल्याच्या एका दवाखान्यात नीलम सिस्टर बारा वर्सं हेच करत आली. पेशंटची ओव्हर घ्याले कोनी ना कोनी येई. नीलमची घ्याले कोनी नोतं. माय मूर्तिजापूरले, अन् ही इथं एका खोलीत, एका ताटासंगं.

अकरा नंबरची खाट वार्डाच्या कोपऱ्यात, खिडकीखाली. चाक मोडलं म्हनून तिच्यावर पेशंट ठेवत नोते. उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन पेशंट गेले, अन् एकाचा पोरगा नीलमले तोंडात येईल ते बोलला. ती त्या खाटंपाशी गेली, कठडा धरला, अन् हळूच ओव्हर दिली. दोन गेले. पोरगा असं असं बोलला. मले रडू येऊन राहिलं.

सांगून झालं अन् रडू गेलं. डोक्यावरचा भारा कोनी उतरून घ्यावा तसं.

मंग रोजचंच झालं. मेट्रनबाई नव्या पोरींले म्हने, हिच्याकडं पाहून शिका, हिचं काळीज पक्कं. नीलम हासे. फक्त त्या गादीले मधात खड्डा पडत चालला होता. दिवाळीआधी खाट भंगारात काढाले चार गडी आले. खाट हालली नाई. एक गडी म्हने, सिस्टर, पेशंट तं उतरवा आधी. नीलमले वाटलं, मस्करी करून राहिला.

अन् गेल्या महिन्यात तिची माय गेली. जाईबाई. सारी गल्ली रडली, नीलम नुसती उभी. मनात चाचपून पाहिलं तं तिथं काहीच नाई. मावशी म्हने, पोटची पोरगी, अन् डोळे पाहा कसे कोरडे. नीलमले त्याचाबी राग आला नाई. तवा मात्र ती भेली.

पाचव्या दिवशी कामावर आली. माय गेली हे तिनं इथं कोनाले सांगितलं नाई, खाटंलेबी नाई. अर्जात लिहिलं होतं, घरचं काम. आल्या आल्या तिनं कठडा धरला.

"माझं रडू वापस दे," ती म्हने. "मायपुरतं तरी दे."

काही झालं नाई.

दोन वाजता नवी सिस्टर पायल आली. नीलमनं ओव्हर दिली, दहा पेशंट. पायल रजिस्टर घेऊन फिरत फिरत कोपऱ्यात गेली, अन् तिथंच वाकून थांबली. बराच वेळ. वापस आली तं तिचेच डोळे भरलेले.

"बाई, तुमी दहाच सांगितले. अकरा नंबरवाली काहून नाई सांगितली?"

नीलमनं तिच्या हातातलं रजिस्टर पाहिलं. दहाच नावं.

"लय रडून राहिली ते. मी पानी पाजलं." पायलनं आवाज बारीक केला. "माय गेली म्हनते तिची. मूर्तिजापूरले."

नीलम कोपऱ्यात गेली.

खाट रिकामी होती. स्टुलावर ग्लास, अर्धा पेलेला.

उशी ओली होती. तिनं ती उचलून गालाले लावली.

कोमट होती.