अकागीकडे पाठ करून

जानेवारीतल्या एका रविवारी, भर दुपारी, सेकिने हारुओमीच्या गाडीचं दार वाऱ्यानं उपटलं, आणि मोतेगी कानाएनं ते तोंडात घास असताना पाहिलं.

ओता गावात जानेवारीत वारा असतो हे कुणी कुणाला सांगत नाही. अकागी डोंगरावरून तो खाली येतो तो कोरडा ठणठणीत, आणि मार्च सरेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. या मुलखाच्या दोन गोष्टी नावाजलेल्या आहेत – हा वारा आणि इथल्या बायकांचा कारभार. दोन्हींपुढं पुरुषांनी मान खाली घालून चालावं, हे बरं.

कानाए देवळापुढच्या टपरीवर याकीमान्जू खात उभी होती. काडीला टोचलेले चार मऊ गोळे, वर मिसो, म्हणजे सोयाबीनचं गोडसर वाटण, फासून निखाऱ्यावर भाजलेले. अर्धा मिसो तोंडात जातो, अर्धा तोंडाला लागतो. तेवढ्यात समोर एक इवलीशी फिकट निळी गाडी येऊन थांबली. सुबारू थ्री-सिक्स्टी, एकसष्ट सालची! कानाए गॅरेजवाल्याची मुलगी आणि स्वतः मेकॅनिक. तिला साल विचारावं लागलं नाही. गाडीचं तोंड नेमकं अकागीकडे होतं.

"अंहं… नको, दार नका –" भरल्या तोंडानं ती ओरडली.

उशीर झाला. त्या जुन्या गाड्यांची दारं उलटी. बिजागरी मागच्या बाजूला. समोरचा वारा फटीतून आत घुसला, दार धाडकन मागं गेलं आणि बिजागरी कर्रकन वाकली. आतून चष्मा लावलेला एक उंच तरुण हात, पाय, मग डोकं असा एकेक करत बाहेर आला. त्यानं दाराकडे पाहिलं, आणि कमरेत वाकून म्हणाला, "माफ करा."

"दाराची माफी मागताय?" कानाएनं विचारलं.

"चूक माझीच आहे ना."

"अकागीकडे तोंड करून ही गाडी कुणी उघडतं का? ओतातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मी योकोहामाचा. इथं येऊन दहाच महिने झाले."

"ते दिसलंच."

तो जरा घुटमळला. "आणि तुमच्या इथं…" त्यानं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, "मिसो लागलाय."

कानाएनं गळ्यातला मफलर ओढून काढला. आधी हनुवटी पुसली आणि मग त्याच मफलरनं दार करकचून बांधलं. "सरका," ती म्हणाली, "मी चालवते. तुमच्या हाती ही घरापर्यंत धड पोचायची नाही."

गॅरेजमध्ये गाडी शिरली तशी कानाएच्या वडिलांनी, योशिमित्सूंनी, डोक्यावरची टोपी काढली. देवळात सोडून ते कुठंही टोपी काढत नसत.

"ही आपल्या गावची लेक," ते म्हणाले. "आधी इथं विमानं बनायची. युद्ध हरलो, विमानं बंद. मग त्या विमानवाल्यांनी करायचं काय? त्यांनी स्कूटर बनवली, आणि पुढं ही. वजन कसं वाचवायचं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पत्रा पातळ, छप्पर प्लास्टिकचं, इंजिन मागं. चार माणसं घेऊन अकागीचा चढ चढली, तेव्हा कुठं पास झाली. मोटार म्हणजे साहेबांनी बसायची वस्तू, असं होतं तोवर. हिच्यात शिंपी बसला, मासळीवाला बसला. लोक लाडानं भुंगा म्हणायचे, तो ठिपक्यांचा लाल भुंगा."

"झालं यांचं सुरू," गल्ल्यावरून कानाएची आई मासाए म्हणाली. "लग्नात माझ्याविषयी एवढं बोलले नव्हते."

"माझे आजोबा त्याच कारखान्यात होते," हारुओमी म्हणाला. "दारं बसवायचे. मागच्या शरदात गेले… ही गाडी त्यांची."

"म्हणजे हे दार त्यांनीच बसवलं असणार," योशिमित्सू म्हणाले.

"आणि नातवानं उपटलं," कानाए म्हणाली.

हारुओमी हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा, आणि तो बोटानं नव्हे, मनगटानं वर सारायचा. कानाएनं हे पाहिलं आणि बिजागरीकडे वळली. खरं सांगायचं तर तिला तो तेव्हाच आवडला होता. पण ते मान्य करायला तिला आणखी चार रविवार लागले.

तो शाळेत विज्ञान शिकवायचा. कानाए त्याला मास्तर म्हणू लागली. बिजागरी झाल्यावर ब्रेक निघाले, ब्रेक झाल्यावर काचांचे रबर. साठ वर्षांच्या गाडीला निमित्तांची काय कमी! दर रविवारी दहाच्या ठोक्याला तो हजर.

"मास्तर, पेट्रोलमध्ये तेल मिसळलंत?"

"मिसळलं. मोजून."

"चमच्यानं?"

"प्रयोगशाळेतल्या नळीनं."

"अरे देवा," कानाए म्हणाली. "हे इंजिन आहे हो, परीक्षा नाही."

एका रविवारी बोनेटवरचा बिल्ला पुसताना तो म्हणाला, "एक मोठी चांदणी, पाच लहान. मुलांना मी हेच दाखवून शिकवतो." आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो त्या चांदण्यांचं जपानी नाव सुबारू. पाच कंपन्या मिळून एक मोठी झाली, त्याची ही खूण.

"उघड्या डोळ्यांना सहाच दिसतात ना?"

"डोळे चांगले असले तर सात. खरं तर शेकड्यांनी आहेत. फक्त… नीट बघावं लागतं." हे बोलताना तो बिल्ल्याकडे बघत नव्हता. कानाएच्या हातातला पाना खाली पडला आणि आईनं गल्ल्यावरून खाकरून घेतलं.

रात्री जेवताना आई म्हणाली, "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात. इथं गाडी कोण आणि नळा कोण, तेच कळेना."

"आई, भात वाढ," कानाए म्हणाली.

अडचण होती ती जागेची. आजोबांचं घर काकांनी विकायला काढलं होतं. मार्चअखेर ताबा द्यायचा होता, त्यात गाडीची पडवीही गेली. हारुओमी राहायचा त्या इमारतीत गाडी लावायला एकही जागा शिल्लक नव्हती. आणि जागेशिवाय गाडी ठेवून चालत नाही. ती कुठं उभी राहणार त्याचा कागद पोलिसांत द्यावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आतच हवी. नागोयाचे एक हौशी गृहस्थ गाडी घ्यायला तयार होते. भला माणूस, त्यांच्याकडे अशा नऊ गाड्या होत्या. पण गाडी नागोयाला गेली की रविवारी दहा वाजता मास्तर कशाला येणार?

फेब्रुवारीच्या शेवटी तिनं धीर केला. तोंड इंजिनात खुपसून, म्हणजे कान लाल झालेले दिसू नयेत, ती म्हणाली, "आमच्या अंगणात… पर्सिमनच्या झाडाखाली जागा आहे. म्हणजे, गाडीला."

त्यानं खाली पडलेला पाना उचलून पेटीत ठेवला. मग म्हणाला, "बघतो."

पुढच्या रविवारी येऊन त्यानं खोल वाकून नमस्कार केला. "मी पाहिलं. नियमात बसत नाही. तुमचे फार आभार."

या देशात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'जरा अवघड आहे' म्हणतात, 'विचार करू' म्हणतात, नाहीतर नियमाच्या आड उभं राहतात. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. कानाएनं समजून घेतलं. जागेला नव्हे, आपल्याला नाही म्हणाले. हात दाखवून अवलक्षण! त्या दिवशी तिनं एकाच चाकाचे नट तीनदा आवळले. पुढं ती त्याला मास्तर म्हणेनाशी झाली, परक्या गिऱ्हाइकासारखं आडनावाला 'सान' लावून बोलू लागली. "सेकिने-सान, काचांचे रबर झाले." "सेकिने-सान, पावती." त्यालाही ते लागलं. दोघांचंही तोंड शिवलेलं, आणि मध्ये ती बिचारी भुंगा गाडी.

मार्चचा शेवटचा रविवार आला. नागोयाचे गृहस्थ दुपारी तीनला ट्रक घेऊन यायचे होते. हारुओमी दहालाच आला. त्यानं गाडी धुतली, पुसली, पुन्हा पुसली. मग नेहमीच्या खुर्चीत, भिंतीला टेकून चहा घेत बसला. कानाए दाराच्या बिजागरीला शेवटचं तेल सोडत होती. डबा अर्धा संपला तरी ती तेल सोडतच होती.

"सहाशे मीटरनं हुकलं," तो एकदम म्हणाला.

"काय हुकलं?"

"जागा. नियम दोनचा, आणि माझ्या घरापासून इथवर दोन किलोमीटर सहाशे मीटर. तीनदा मोजलं मी. सहाशे मीटर जवळ घर घेतलं असतं तर…" त्यानं मनगटानं चष्मा वर सारला. "तुम्हाला राग आला, ते कळलं मला. इतक्या मायेनं दिलेली जागा मी घेतली नाही. पण पोलिसांना खोटं कसं लिहून देऊ?"

कानाएनं डबा खाली ठेवला. अगदी हळू. "तीनदा मोजलंत… कशानं?"

"सायकलच्या मीटरनं. कालव्याच्या पुलावरून."

मग गल्ल्यावरून आईचा आवाज आला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो मास्तर, दोन किलोमीटर सरळ रेषेत धरतात. नकाशावर! पुलावरून, कालव्याकाठानं, देवळाला प्रदक्षिणा घालून नव्हे!"

"सरळ… रेषेत?"

"आणि विज्ञान शिकवता म्हणे," कानाए म्हणाली, पण तिचा आवाज फुटला. "उठा. त्या खुर्चीतून उठा आधी."

तो उठला. त्याच्या डोक्यामागं, भिंतीवर, ओताचा मोठा नकाशा होता. मध्ये गॅरेजची टाचणी, आणि तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ. गिऱ्हाइकांचे कागद करता करता आईनं ते वीस वर्षांपूर्वी आखून ठेवलं होतं. दहा-अकरा रविवार तो त्या वर्तुळाला डोकं टेकून चहा पीत बसला होता.

कानाएनं कालव्यापलीकडची त्याची इमारत शोधली. तेलकट बोट टेकवलं. इमारत वर्तुळाच्या आत होती, चांगली दोन बोटं आत.

"म्हणजे तुम्ही… खरंच मोजायला गेला होतात?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणताय."

"नाही म्हणायला मी थंडीत तीनदा सायकल कशाला दामटू?"

यावर कानाएला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही लपवायला हाताशी फक्त तेलाचं फडकं होतं.

नागोयाच्या गृहस्थांना त्यानं तिथूनच फोन लावला. उभा राहून, फोनवरच वाकत, पाच मिनिटं माफी मागितली. ते निघायच्या बेतात होते. पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "गाडी ठेवायचं ठरलं? बरं झालं. मी तुमच्या जागी असतो तर विकायसाठी मला मुळात फोनच केला नसता," ते म्हणाले. "दारं सांभाळा. वाऱ्यात जातात ती."

"माहीत आहे," हारुओमी म्हणाला.

आईनं खणातून कोरा कागद काढला. जागेच्या मालकाची संमती. योशिमित्सू हौसेनं आपला शिक्का आणायला उठले.

"बसा," आई म्हणाली. "जमीन माझ्या नावावर आहे."

ते बसले. आईनं चष्मा लावला आणि हारुओमीला समोर बसवलं. त्यानं पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तो घामाघूम झाला होता.

"जागा कशासाठी हवी?"

"गाडी उभी करायला."

"एवढंच?"

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजवला.

"म्हणजे… गाडीला काही झालं नसलं, तरीसुद्धा रविवारी आलो तर, म्हणजे तुमची काही हरकत नसेल तर, तेल वगैरे बघायला…"

"मास्तर," कानाए म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याला मास्तर म्हणाली होती. "हेसुद्धा पुलावरूनच चाललंय तुमचं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चष्मा घसरला, या खेपेला त्यानं तो वर सारला नाही.

"कानाए-सान, मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "गाडी नसती तरी आलो असतो. मफलरनं दार बांधलंत ना… तेव्हापासून."

योशिमित्सूंनी टोपी काढली. कानाएनं हातातलं तेलाचं फडकं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "मला त्याच्याही आधीपासून. तुम्ही दाराची माफी मागितलीत, तेव्हापासून."

आईनं काहीच ऐकलं नाही असा चेहरा करून कागदावर शिक्का उमटवला. "मुदत लिहायची राहिली," ती म्हणाली. "लोक दोन वर्षं लिहितात. तुमची किती लिहू?"

कानाएनं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पन्नास वर्षं पुढची तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी पोलिसठाण्याच्या खिडकीतला कारकून ती तारीख बघून पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होता. "गाडी साठ वर्षांची," तो म्हणाला, "आणखी पन्नास वर्षं चालेल?"

"मेकॅनिक घरचीच आहे," हारुओमीनं सांगितलं.

संध्याकाळी त्यानं गाडी अंगणात आणली. पर्सिमनच्या झाडाखाली दोनदा पुढं-मागं करून तिची पाठ नीट अकागीकडे केली. वारा होताच. त्यानं उतरून, वळसा घालून, कानाएच्या बाजूचं दार उघडलं, आणि ते हळूच, बरोबर हवं तेवढंच उघडलं.